एम१२ लिहिलं तर बरोबर, एफ[१] लिहिलं तर मोटर येडी

रावेरचा_मोटरवाला
केळीच्या ठिबकसाठी शेतात टाकी आहे, तिच्यावर अल्ट्रासोनिक सेन्सर लावलाय. आकडे फार उड्या मारतात, म्हणून रस्ट भाषेत एनअल्जेब्रा ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी घेऊन छोटासा काल्मन फिल्टर लिहिला, म्हणजे उड्या मारणाऱ्या मापांतून खऱ्या आकड्याचा अंदाज काढणारा हिशेब. अवस्थेत दोनच गोष्टी: पाण्याची पातळी आणि ती बदलायचा वेग. दर १० सेकंदांनी एक माप.

पी म्हणजे कोव्हेरियन्स, अंदाज किती चुकू शकतो ते सांगणारा मॅट्रिक्स. एफ म्हणजे जुन्या अवस्थेवरून नवी काढणारा मॅट्रिक्स. दोन्ही २×२. पी मधलं पी[१] वाचलं, आकडा बरोबर आला. त्याच भरवशावर एकक मॅट्रिक्स (तिरप्या रेषेत १, बाकी ०) घेऊन एफ[१] = १० केलं. टाकीत पाणी १२० सेंमी, आणि फिल्टर पहिल्याच फेरीत सांगतो वेग सेकंदाला १२०० सेंमी! तापीचा पूरबी असा चढत नाही. टाकी भरली समजून मोटर बंद, मग चालू, परत बंद. रात्रीची लाईट होती. बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर गेले, स्टार्टर पाडून आले. सकाळी चहा पिताना काही बोललेच नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

एफ.एम१२ = १० केलं की सगळं सुरळीत. मग एम१२ आणि [१] ही जागा एकच नाही का? आणि एम१२ च्या जागी आपलं नाव देता येतं का?

भुसावळ_जंक्शन
भो, एफ[(१, २)] लिही, काम होईल.

सातपुडा_पायथा
नका लिहू. कंसातली मोजणी शून्यापासून आहे, २×२ मध्ये (१, २) ही जागाच नाही. प्रोग्राम तिथेच पॅनिक होऊन पडेल. एम१२ मधले आकडे मात्र गणिताच्या पुस्तकासारखे एकापासून: पहिली ओळ, दुसरा कॉलम. म्हणजे एम१२ आणि (०, १) एकच.

तुमचा घोळ वेगळा आहे. एनअल्जेब्रा आकडे कॉलमवार ठेवते, फोरट्रानसारखे. मेमरीत क्रम असा: एम११, एम२१, एम१२, एम२२. तेव्हा [१] म्हणजे एम२१. तुमचे १० खालच्या ओळीत गेले, आणि नवा वेग = जुना वेग + १० × पातळी झाला. १० गुणिले १२०, हेच तुमचे १२००. पी सिमेट्रिक, त्याचे एम१२ आणि एम२१ सारखेच, म्हणून तिथे चूक झाकली गेली. त्यात मॅट्रिक्स२::न्यू ला, म्हणजे २×२ मॅट्रिक्स बनवणाऱ्या फंक्शनला, आकडे ओळीनं द्यायचे असतात, साठवण कॉलमनं. इथे मीही एकदा आपटले आहे.

एम११, एम१२ ही नावं येतात कुठून? लायब्ररीत ठरावीक आकारांसाठी छोटी स्ट्रक्ट (नाव दिलेल्या आकड्यांचे गठ्ठे) आहेत आणि डीरेफ तीच मेमरी त्या स्ट्रक्टच्या रूपात दाखवतो. नक्कल होत नाही. पण आकार कंपाइल करतानाच माहीत हवा, त्यामुळे डीमॅट्रिक्सला, म्हणजे प्रोग्राम चालताना आकार ठरणाऱ्या मॅट्रिक्सला, ही नावं मिळत नाहीत. आणि मॅट्रिक्स लायब्ररीचा असल्यामुळे त्यावर आपला डीरेफ लावता येत नाही, म्हणजे एम१२ च्या जागी आपलं नाव देता येत नाही.

नावंच हवीत तर दोन कॉन्स्ट (न बदलणारे, नाव दिलेले आकडे) करा: पातळी = ०, वेग = १. मग एफ[(पातळी, वेग)] = १०. वाचताना कळतं, डीमॅट्रिक्सवरही चालतं.

भुसावळ_जंक्शन
बरोबर, माझं चुकलं. पण ती नावं देवनागरीत चालतील?

सातपुडा_पायथा
चालतात, रस्ट १.५३ पासून, म्हणजे २०२१ पासून. फक्त कीबोर्ड सारखा बदलावा लागतो, त्याचा वैताग येतो.

रावेरचा_मोटरवाला
ताई, झालं. एफ[(पातळी, वेग)] केलं, पी मधलं [१] पण काढलं. अवस्थेच्या व्हेक्टरलाही तीच नावं लावली, एक्स.वाय म्हणजे वेग, हे केळी कापणीला येईस्तोवर मलाच आठवलं नसतं. आज परत रात्रीची लाईट आहे. बाबांनी बॅटरी उशाशीच ठेवली आहे.