शोनिबारे यांची रंगीत कापडं: अर्थ कापडात की शेजारच्या फलकात?

रंगरेषा: ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे यांच्या 'द स्विंग' या मांडणशिल्पात (२००१) अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार फ्रागोनारच्या चित्रातली झोक्यावरची तरुणी आहे, पण मुंडक्याविना, आणि तिचा झगा भडक 'आफ्रिकी' कापडाचा. हे कापड मुळात आफ्रिकेचं नाहीच, हा खरा टोला. संग्रहालयातला शेजारचा माहितीफलक वाचल्याशिवाय तो कळत नाही. माझ्या मते ही कलाकृतीचीच उणीव.

ताणाबाणा: असहमत. टोला कापडाच्या घडणीत आहे. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बाटिकसाठी, म्हणजे मेण लावलेल्या जागी रंग चढू न देता कापड रंगवण्यासाठी, मेण हातानं लावत. एकोणिसाव्या शतकात डचांनी त्याची यंत्रावर नक्कल केली: सुती कापडाच्या दोन्ही बाजूंवर रुळांनी गरम राळ छापायची, मग कापड निळीत बुडवायचं. राळेला तडे जातात, त्यांतून नीळ आत झिरपते आणि बारीक शिरा उमटतात. नंतर राळ काढून बाकीचे रंग भरायचे. हा माल खपला पश्चिम आफ्रिकेत. नेदरलँड्समधल्या हेल्मंडची व्लिस्को कंपनी (स्थापना १८४६) तो आजही बनवते. शोनिबारे यांनी हे कापड घेतलं लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून! वसाहतींचा अख्खा व्यापार त्या एका झग्यात आलाय.

रंगरेषा: माहिती पक्की आहे, पण प्रेक्षकानं ओळखायचं कसं? राळेचं अस्सल कापड दोन्ही बाजूंनी सारखंच गडद असतं, स्वस्त छापील मालाची मागची बाजू फिकी. शिवल्यावर ती बाजू आत जाते आणि संग्रहालयात हात लावता येत नाही.

कोरा_कागद: शोनिबारे यांचंच 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' (२००३) बघा. टेबलाभोवती याच कापडाचे कोट घातलेले १४ बिनमुंडक्यांचे पुरुष, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा. युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवलेली १८८४-८५ ची बर्लिन परिषद ठाऊक नसली तरी वाटणी चाललीय हे दिसतं. फलक कशाला हवा?

रंगरेषा: तिथे काम नकाशा करतो. तेच कोट साध्या काळ्या लोकरीचे शिवले असते तरी वाटणी कळलीच असती.

ताणाबाणा: वाटणी कळली असती, पण वाटणाऱ्यांच्या अंगावरच वसाहतीच्या बाजारपेठेचा माल आहे, हे गेलं असतं. आणि जागाही बोलते. शोनिबारे यांचं बाटलीतलं जहाज २०१० मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात ठेवलं होतं: ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेची प्रतिकृती, ३७ शिडं याच धर्तीच्या छापांची, आणि त्याच चौकात नेल्सनचा खांब. ते हलवून ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाबाहेर नेल्यावर धार कमी झाली, एवढं मान्य. पण तो दोष जागा बदलण्याचा आहे, कापडाचा नाही.