मदत हवी आहे: डिझेलनेटवरचे तक्ते वाचायचे कसे? (सोबत एका दुधाच्या पिकअपचं रडगाणं)

पाना_बारा_तेरा

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा. मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, ट्रेड मेकॅनिक डिझेल, एक वर्षाचा कोर्स, पोरं बहुतेक कागल-शिरोळ भागातली. आमच्या वर्कशॉपातलं इंजिन अजून इनलाइन पंपाचं आहे आणि एमिशनचा धडा म्हणजे काळा धूर आला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, निळा आला तर ऑइल जळतंय, पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय नाहीतर पाणी शिरलंय, संपला धडा. आणि पोरं बाहेर पडून ज्या गाड्यांखाली झोपणार त्या सगळ्या बीएस-६ (भारत स्टेज, गाडीच्या धुरावरचे सरकारी नियम), एक एप्रिल २०२० पासूनच्या, धूर दिसतच नाही तर रंग काय बघणार कप्पाळ!

म्हणून यंदा ठरवलं की हा धडा स्वतः मराठीत नीट लिहून काढायचा. एका जुन्या मित्राने डिझेलनेट हे संकेतस्थळ सुचवलं. कॅनडातून चालतं, १९९७ पासूनचं आहे, आणि फक्त डिझेल इंजिनाचा धूर, त्याचे नियम, त्यावरची यंत्रं एवढंच. देशवार तक्ते फुकट दिसतात, भारताचं पान पण आहे. आतलं जे खरं घबाड आहे, टेक्नॉलॉजी गाइड, त्याच्या बऱ्याच भागाला वर्गणी लागते आणि ती डॉलरमध्ये. अजून भरलेली नाही, आधी फुकटचं तरी कळू दे म्हटलं.

तर फुकटचंच कळेना. बीएस-६ डिझेलला नॉक्सची (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची) मर्यादा किती, एवढा साधा प्रश्न घेऊन बसलो. एका ओळीत ८०. खाली १२५. दुसऱ्या तक्त्यात ४००, शेजारी ४६०. चारही बीएस-६. पोरांना फळ्यावर कुठला लिहून देऊ? वर त्यात लिहिलंय की टेस्ट एमआयडीसीवर घेतात. मी दहा मिनिटं विचार करत होतो की गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अशी टेस्ट घेणारं कोण आहे. हसू नका.

आता दुसरी गोष्ट, हिच्यामुळेच हे सगळं सुरू झालं. माझा एक जुना विद्यार्थी दूध संकलनाची पिकअप चालवतो. पहाटे चारला निघायचं, दर अर्ध्या-एक किलोमीटरला थांबायचं, कॅन चढवायचा, पुढे. सकाळी साडेसातपर्यंत गाडी क्वचितच तिसऱ्या गिअरच्या वर जाते. परवा आला, म्हणाला सर दिवा परत लागलाय बघा, गाडी ओढत पण नाही. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. चार महिन्यांत तिसऱ्यांदा. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलंय की फिल्टर फोडून आतलं जाळं काढतो, नळी वेल्ड करतो, कॉम्प्युटरमध्ये पण बदल करून देतो, आयुष्यभर कटकट नाही.

मी सवयीने डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास. तो म्हणतो ऑइल वाढलंय म्हणजे चांगलंच की सर, गाडी ऑइल खात नाही. याला मीच शिकवलंय हो.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. ते चार आकडे काय भानगड आहे, वर्गणी भरावी का आणि भरली तर त्यातली पानं छापून पोरांना वाटता येतील का, आणि या पोराला काय सांगू? तो शनिवारपर्यंत थांबलाय, मग नळी बसवून घेणार म्हणतो. धाग्याचं काश्मीर (नुसता वादाचा आखाडा) करू नका, कुठल्या कंपनीची गाडी ते मुद्दामच लिहिलेलं नाही.

---

निवांत_गिअर

एमआयडीसी वाचून चहा नाकातून आला 😂 बाकी विषयातलं शून्य कळतं, पण वाचतोय.

---

टेस्टसेलमधली

सर, मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, दिवसभर हेच आकडे बघते, त्यामुळे राहवलं नाही.

आधी एमआयडीसी. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरवायची आणि पडद्यावरच्या रेषेप्रमाणे ११८० सेकंद चालवायची, थांबा, चाळीसला जा, परत थांबा, शेवटी एकदाच ९० पर्यंत. युरोपची जुनी सायकल १२० पर्यंत जायची, आपल्याकडे ती ९० वर कापली. पहिल्या दिवशी आमच्याकडे आलेला प्रत्येक ट्रेनी तुम्ही केलात तोच विचार करतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आता ते चार आकडे. चारही बरोबर आहेत. ८० हा कारचा, मिलीग्रॅम प्रति किलोमीटर. १२५ सुद्धा प्रति किलोमीटर, पण मालवाहू गाड्यांच्या वरच्या वर्गाचा. या छोट्या मालवाहू गाड्यांचे वजनावरून तीन वर्ग आहेत, १३०५ किलोपर्यंत पहिला, तिथून १७६० पर्यंत दुसरा, त्यावर तिसरा, आणि मर्यादा ८०, १०५, १२५. हे वजन म्हणजे भरलेल्या गाडीचं नाही हं, रिकाम्या गाडीच्या वजनात ठरावीक भर घालून काढलेलं. बहुतेक पिकअप तिसऱ्यात बसतात, म्हणजे तुमच्या पोराच्या गाडीचा आकडा १२५.

४०० आणि ४६० मोठ्या ट्रक-बसचे, आणि ते किलोमीटरवर नाहीतच. तिथे गाडी रोलरवर चढवत नाहीत, नुसतं इंजिन काढून डायनॅमोमीटरला जोडतात आणि इंजिनाने जेवढं काम केलं त्यावर मोजतात, मिलीग्रॅम प्रति किलोवॅट-तास. एकाच इंजिनाच्या दोन टेस्ट होतात, एक ठरावीक लोडवर थांबत थांबत, तिचा ४००, दुसरी अर्धा तास सतत वरखाली होणारी, तिचा ४६०. म्हणून ४६० हा १२५ पेक्षा "जास्त घाण" असं म्हणताच येत नाही, दुधाचं लिटर आणि फॅट यांची तुलना केल्यासारखं होईल ते. डिझेलनेटचा काय, कुठलाही तक्ता घ्या, आधी गाडीचा वर्ग बघायचा, मग सायकल, मग युनिट, आकडा सगळ्यात शेवटी. आम्ही पण नवीन असताना उलटं वाचायचो आणि शिव्या खायचो.

फळ्यावर लिहायचंच असेल तर पिकअपचीच बीएस-४ आणि बीएस-६ ची जोडी लिहा. नॉक्स ३९० वरून १२५. पीएम, म्हणजे काजळीसकट सगळे कण, ६० वरून ४.५. शिवाय बीएस-६ मध्ये डिझेलचे कण नुसते तोलत नाहीत, मोजतात पण, किलोमीटरला ६ वर अकरा शून्यं एवढी मर्यादा, म्हणजे साठ हजार कोटी कण. ऐकायला अफाट वाटतं, पण फिल्टर नसलेलं डिझेल इंजिन तिथपर्यंत उतरत नाही. डीपीएफ आला तो याच्यामुळे. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आणलं तेही याच सगळ्यासाठी.

पिकअपचं संध्याकाळी लिहिते, मीटिंग आहे.

---

उसाचा_ट्रॅक्टर

सर मध्येच घुसतोय. आमच्या भावाचा बीएस-६ ट्रक आहे, त्याला ते युरियाचं पाणी लागतं, बादली महाग पडते. गावात एकजण म्हणतो सोसायटीतनं ४५ किलोची गोणी आणायची आणि आरओच्या पाण्यात कालवायची, तेच असतं. खरं का?

---

टेस्टसेलमधली

@उसाचा_ट्रॅक्टर, दादा, नका करू. टाकीतल्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण तो शुद्ध लागतो. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर असतो, बाकीची भेसळ वेगळी. नोझल चोक होतं, नॉक्स कमी करणारा कॅटलिस्ट खराब होतो, आणि त्या एका कॅटलिस्टच्या पैशात बादल्यांची रांग लागेल. शिवाय ती गोणी अनुदानाची, शेतासाठीची, पकडलं तर वेगळीच भानगड.

आता पिकअप. सर, डिपस्टिकवर जे बघितलंत तेच उत्तर आहे. फिल्टर भरत आला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तो गरम करायला बघतो, त्यासाठी पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल मारतो, ते पुढे एग्झॉस्टमध्ये जळून फिल्टर तापतो. काजळी नीट पेटायला साधारण ६०० अंश लागतात. दूध गोळा करत फिरणाऱ्या गाडीचा एग्झॉस्ट दीडशे-दोनशेच्या पुढे जात नसणार, त्यामुळे ईसीयू सुरुवात करतो आणि तेवढ्यात हा थांबतो, कॅन चढवतो, कधी इंजिन बंदच करतो. प्रोसेस अर्धवट. परत सुरू, परत अर्धवट. दर वेळी जास्तीचं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या बाजूने खाली संपमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाशी. म्हणून ऑइल "वाढलं".

तेव्हा आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच रिजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून आतली काजळी जाळणं. उलटं करू नका. लेव्हल इतकी वर असताना तापवायला गेलात तर इंजिन ते ऑइल ब्रीदरमधून ओढून स्वतःच पळत सुटू शकतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं. नंतर स्कॅनर लावून सर्व्हिस रिजन, मोकळ्या जागेत, खाली वाळलेलं गवत नको, पाचट तर नकोच नको.

---

पाना_बारा_तेरा

ताई, दंडवत. राखेचं जरा फोड करून सांगा, तिथे इंग्रजीत सूट आणि ॲश असे दोन शब्द सारखे येतात आणि मी दोन्हीला काजळीच समजत होतो.

---

टेस्टसेलमधली

सूट म्हणजे काजळी, ॲश म्हणजे राख. आजीच्या चुलीवरचं पातेलं आठवा, बुडाला धरलेली काजळी निखाऱ्यावर पुन्हा पेटते, चुलीतली राख काही केल्या पेटत नाही, ती सुपात भरून बाहेरच टाकावी लागते. फिल्टरमध्ये काजळी डिझेलची, ती रिजनला जळते. राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची, ती साठतच जाते, शेवटी फिल्टर उतरवून साफ करावा लागतो. स्वस्तातलं ऑइल घातलं की हा दिवस लवकर येतो. त्या पोराला विचारा कुठलं घालतो.

नळी टाकायचं मात्र करू देऊ नका. बेकायदेशीर तर आहेच, वर साठ हजार कोटीचा हिशोब करणारी गाडी पहाटे गोठ्यासमोर उभी राहून थेट धूर सोडणार, कॅन उचलणाऱ्याच्याच नाकात.

---

वाचनालयी

वर्गणीबद्दल. छापून वाटायच्या आधी त्यांना सरळ मेल टाकून विचारा, शिकवण्यासाठी हवंय म्हणून. पण तुमच्या धड्यापुरती वर्गणी लागेल असं वाटत नाही. मर्यादांचे आकडे सरकारी राजपत्रातले आहेत, ते स्वतःच्या शब्दांत, स्वतःचा तक्ता आखून खुशाल लिहा. पुण्याच्या एआरएआयची (गाड्यांच्या चाचण्या-संशोधन करणारी संस्था) भारतीय एमिशन नियमांची पुस्तिका मिळते, ती फळ्यासाठी जास्त सोयीची. आणि ट्रान्सपोर्टपॉलिसी डॉट नेट बघा, ते डिझेलनेट आणि आयसीसीटी (स्वच्छ वाहतुकीवर काम करणारी संस्था) यांनी मिळून केलंय, फुकट आहे. वर्गणी लागेल ती डीपीएफ आतून कसा चालतो या खोलात जायचं असेल तेव्हा, तेही आधी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा.

---

पाना_बारा_तेरा

अपडेट. पोराला फोन केला. ऑइल बाजारात सुटं मिळतं ते घालत होता, कारण "सर, सगळं ऑइल सारखंच". काल वर्कशॉपात ऑइल काढलं, अख्ख्या बॅचसमोर. डबा मापाचा होता, मॅन्युअलपेक्षा दीड लिटर जास्त निघालं. पोरं गप्प. एकाने बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाला, सर हे तर पंपावर विकता येईल.

नवीन ऑइल-फिल्टर घालून ओळखीच्याकडे स्कॅनर लावला, सर्व्हिस रिजन झालं, दिवा गेला. आता त्याला सांगितलंय की आठवड्यातनं दोनदा, दूध उतरवून झालं की रिकामी गाडी कागलहून निपाणीपर्यंत हायवेने एका दमात न्यायची आणि आणायची, मध्ये चहाला थांबायचं नाही. डिझेलचा खर्च कोण देणार म्हणतोय. मालकाशी मी बोलतो म्हटलंय.

फळ्यावर ३९०–१२५ आणि ६०–४.५ लिहिलं, शेजारी युनिट लाल खडूने. एक प्रश्न अजून उरलाय, राख किती साठली ते फिल्टर न उतरवता कळतं का? रिजननंतर प्रेशर सेन्सरचं रीडिंग किती आलं तर समजायचं? स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय, ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.