जपानच्या शेतातले ते शेंगांचे गोल ढीग कशासाठी?

पारोळेकर: राम राम मंडळी. माझा भाचा नोकरीसाठी जपानात, टोकियोशेजारच्या चिबात असतो. परवा त्याने भुईमुगाच्या शेताचा फोटो पाठवला. छातीइतके उंच गोल ढीग, वर गवताची टोपी. आपली कडब्याची बुचाडंच जणू. विचारलं तर म्हणतो, ‘मामा, शेंगा आहेत. बाकी मला काय कळतं?’ इंजिनियर झाला ना!

विचारायचं कारण, आमचा उन्हाळी भुईमूग मेअखेर निघतो. यंदा वेल उपटून पसरले आणि तिसऱ्या दिवशी वळीव आला. ताडपत्री टाकली, पण खालून ओल चढली. अर्ध्या शेंगा काळ्या. आई अजून म्हणते, ‘बठ्ठं वाया गयं.’ असे ढीग आपल्याकडे जमतील का?

भुसावळचा पाहुणा: काका, मी चिबातल्या याचिमाताला तीन वर्षं होतो. गाव शेंगांसाठीच ओळखलं जातं. जपानचा सुमारे ८० टक्के भुईमूग एकट्या चिबात पिकतो. त्या ढिगाला ‘बोच्ची’ म्हणतात. पेरणी मेमध्ये, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. उपटलेले वेल मुळं वर करून आठवडाभर शेतातच ठेवायचे, शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. मग जमिनीपासून थोडं उंच, लाकडावर गोल रचायचे. शेंगा आत, पाला बाहेर. वर गवत, हल्ली निळी ताडपत्रीही दिसते. पुढे महिनाभर नुसतं वाऱ्यावर. चवीला तोड नाही, पण भावही तसाच. तिथे चिनी शेंगा कितीतरी स्वस्त मिळतात.

चोपडा_बागायत: भो, घाई करू नका. त्यांच्याकडे तेव्हा थंडी तोंडावर असते, वारं कोरडं. तुम्ही मेअखेर ओले वेल ढिगात घातले तर आतून तापतील, दोन दिवसांत वास सुटेल. त्यातलं एकच घ्या, खालून हवा. मी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा गुडघाभर थर करून त्यावर वेल उलटे, पातळ पसरतो. पाऊस आला तरी ओल वर चढत नाही.

आणि काळ्या शेंगा घाण्याला देऊ नका. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही, पेंडेतून म्हशीच्या दुधात उतरतं.

धुळ्याची सून: शेतीतलं मला कळत नाही, खाण्याचं सांगते. ओल्या शेंगा मीठ घालून उकडणं तिकडेही आहे, त्यासाठी ‘ओमासारी’ नावाचा टपोऱ्या शेंगेचा खास वाणच काढलाय. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर ‘जिमामी तोफू’ करतात. कच्चे दाणे भिजवून वाटायचे, गाळून दूध काढायचं, रताळ्याचं सत्त्व घालून आचेवर घोटायचं आणि साच्यात ओतून गार करायचं. तोफू म्हणजे एरवी सोयाबीनचं पनीर, पण सोयाबीन यात नसतंच. मी सत्त्वाऐवजी कॉर्नफ्लॉवर घातलं. जमलं, फक्त चिकटपणा कमी आला. वरून गोडसर सोया सॉस घेतात. सासूबाईंनी वड्या बघितल्या, ‘खरवस बिघडला वाटतं’ म्हणाल्या आणि लसूण-मिरचीची फोडणी ओतली. ताट मात्र रिकामं झालं!

पारोळेकर: चोपडेकर, आमच्या पऱ्हाट्या फेब्रुवारीतच जाळल्या हो. शेजारच्या बांधावर थोड्या आहेत, मागून ठेवतो. काळ्या शेंगांचं पोतं उद्या घाण्यावर जाणार होतं. ते उतरवून ठेवलंय. आईला अजून सांगितलं नाही.