बायबलमधली 'वंशावळ' आणि 'अमक्याला तमका झाला': अर्थ काय घ्यायचा?

पिंपळपान: मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, घेतला तर 'अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला' असं किती वेळ चालूच. घरी प्रार्थनेला हा भाग सगळे गाळतात. वंशावळ म्हणजे नुसती यादीच का? एवढी नावं कशासाठी?

जुनीपोथी: गाळू नका हो ताई. जुन्या करारात हिब्रू शब्द आहे 'तोलदोत', जन्म देणे या अर्थाच्या धातूवरून आलेला, पण उत्पत्तीच्या पुस्तकात (२:४) तोच शब्द आकाश आणि पृथ्वीला लावलाय, म्हणजे कशातून काय निपजलं त्याची हकिकत, तिथे आपला 'वंशावळ' तोकडा पडतो. शिवाय वंशावळीचा कागद कामाचा होता. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक (पुरोहित) घराण्यांनी वंशावळीत आपली नावं शोधली, सापडली नाहीत, तर त्यांना याजकपणातून काढलं (एज्रा २:६२). जात पडताळणीसाठी ज्याने आजोबा-पणजोबांचे दाखले गोळा केलेत त्याला हे लगेच कळेल.

पिंपळपान: मग 'झाला' म्हणजे सख्खा मुलगाच ना? योरामाला उज्जीया झाला असं आहे, पण राजांच्या पुस्तकात मध्ये आणखी राजे येतात.

जुनीपोथी: बरोबर पकडलंत. अहज्या, योवाश, अमस्या हे तिघं मत्तयने सोडलेत. हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा आणि वंशजसुद्धा, त्यामुळे पिढ्या वगळून सांगणं चालायचं. त्याला १४-१४ पिढ्यांचे तीन गट हवे होते. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि 'दावीद' (येशूचा पूर्वज राजा) या नावाची बेरीज ४+६+४ म्हणजे १४, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की तो आकड्यातूनही दाविदाचंच नाव घेतोय.

ओसरी: मला 'झाला' पेक्षा 'पासून' जास्त भिडतो. सगळी बापांची नावं आणि मध्येच तामारेपासून, राहाबेपासून, रूथपासून, उरीयाच्या बायकोपासून. रूथ तर मवाबी, परकी बाई. आणि १६ वं वचन नीट बघा, 'योसेफाला येशू झाला' असं लिहिलेलंच नाही, योसेफ मरीयेचा पती आणि तिच्यापासून येशू जन्मला. ग्रीकमध्येही तिथेच क्रियापदाचं रूप बदलतं. इतका वेळ एका ठेक्यात वाचत आलेला माणूस तिथे थांबतोच.

पिंपळपान: आत्ता मोठ्याने वाचून बघितलं, खरंच थांबले. आज प्रार्थनेला हाच अध्याय घेते, सगळ्या नावांसकट. लूक त्याच्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत येशूपासून उलटा आदामापर्यंत का जातो ते उद्या विचारते.