सुचायला मुभा लागते

ऑफिसात बीन बॅग, टेबल टेनिस आणि फुकट कॉफी आली की लोकांना आपोआप नवं सुचायला लागतं असं म्हणतात, ते मला काही पटत नाही. लगेच उपयोग न दिसणारं काम करत बसलं तर चालतं का, ते बघा.

थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला १९६८ साली जो गोंद सापडला तो धड चिकटायचाही नाही. तरी तो पुढे कितीतरी वर्षं सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत फिरला. १९७४ मध्ये त्याचा सहकारी आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचा, तेव्हा भजनांच्या पुस्तकातले खुणेचे कपटे सारखे पडायचे, म्हणून त्याला तो गोंद आठवला. त्यातून झालेलं पोस्ट-इट (चिकटवून सहज काढता येणारे चिठ्ठीचे कागद) अमेरिकाभर विकायला आलं ते थेट १९८० मध्ये! कामातला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा तिथे जुनीच.

२००० च्या अखेरीस थ्रीएमच्या प्रमुखपदी जेम्स मॅकनर्नी यांची नेमणूक झाली आणि सिक्स सिग्मा (मोजमाप करून कामातल्या चुका कमी करायची पद्धत) संशोधनातही शिरलं. कारखान्यात ते उत्तमच (तिथे वाद नाही), पण प्रयोगशाळेत? पुढचे प्रमुख जॉर्ज बकली यांनी तिथला फास सैल केला.

आमच्याकडे टाइमशीटमध्ये दर अर्ध्या तासाला प्रोजेक्ट कोड टाकावा लागतो. एका ज्युनियर पोरीने टेस्टिंगचा वेळ वाचवणारी स्क्रिप्ट लिहिली, तर मॅनेजरचा पहिला प्रश्न, "हे कुठल्या कोडवर टाकलंस?" झालं, तेव्हापासून बाई मीटिंगमध्ये म्यूटवर.

असा मोकळा वेळ कोणाला खरोखर मिळतो का, की फक्त एचआरच्या पीपीटीत?