थायलंडमधील अम्फो कार्यालय म्हणजे आपले तहसील की पंचायत समिती?

प्रश्न (शहादा)

नमस्कार. लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी थायलंडच्या स्थानिक कारभारावर लघुप्रबंध लिहीत आहे. इंग्रजी ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ‘डिस्ट्रिक्ट ऑफिस’चे भाषांतर मी ‘जिल्हा कार्यालय’ असे केले, तर मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. हे कार्यालय नेमके कोणत्या पातळीवरचे असते, आणि तेथील निवडून आलेल्या संस्थांवर त्याचा अधिकार कितपत चालतो?

उत्तर १ (अमळनेर)

लाल रेघ योग्य आहे. थायलंडमध्ये बँकॉक वगळता ७६ चांगवत, म्हणजे प्रांत आहेत आणि त्यांच्याखाली ८७८ अम्फो आहेत. इंग्रजीत ज्याला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात तो हाच अम्फो. एका चांगवतात किती अम्फो असावेत याला धरबंध नाही, कारण फुकेतमध्ये ते अवघे ३ आहेत, तर नाखोन राचासिमामध्ये ३२. आपल्याकडेही जळगावला १५ तालुके आणि धुळ्याला ४, हे ध्यानात घेतले की अम्फोला तालुका म्हणणेच सयुक्तिक वाटते.

अम्फोचा प्रमुख ‘नाय अम्फो’ हा गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील प्रांतिक प्रशासन विभागाचा नेमलेला अधिकारी असतो. ओळखपत्र, घरनोंदणी, जन्म-मृत्यू, विवाह आणि घटस्फोट यांच्या नोंदींसाठी सामान्य माणसाला त्याच्याच कार्यालयात जावे लागते. नगरपालिका क्षेत्रात यांतील काही नोंदी पालिकेकडे होतात, परंतु विवाहनोंदणीसाठी मात्र अम्फोच. समलिंगी विवाहांना मान्यता देणारा कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला, तेव्हा जोडपी नोंदणीसाठी गेली ती अम्फो कार्यालयांत, आणि बँकॉकमध्ये ‘खेत’ कार्यालयांत. आपल्याकडे जन्मनोंद ग्रामपंचायतीत आणि शिधापत्रिका तहसीलमध्ये अशी विभागणी असल्याने, एकाच छताखाली इतकी कामे होतात हे वाचून धडगावकडे दिवस मोडून येणाऱ्या पाड्यावरच्या माणसाला हेवाच वाटेल.

उत्तर २ (साक्री)

वरील उत्तर बरोबर आहे, तथापि ‘तहसील’ एवढ्यावर थांबल्यास प्रश्नाचा दुसरा भाग निसटतो. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून तालुक्याच्या गावी दोन सत्ता शेजारी नांदतात: महसुली कामासाठी तहसीलदार, आणि लोकांनी निवडलेली पंचायत समिती. थायलंडमध्ये निवडून आलेली संस्था चांगवताच्या पातळीवर आहे, नगरपालिकेत आहे आणि तम्बोन या गावसमूहाच्या पातळीवरही आहे. अम्फोच्या पातळीवर मात्र ती नाही. चांगवताला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व दिले आहे, ते अम्फोला नाही. म्हणून ते कार्यालय लोकांच्या अगदी जवळ असूनही पूर्णतः शासनाचाच हात आहे.

आणि तो हात बराच लांब आहे. तम्बोन प्रशासन संघटना १९९४ च्या कायद्याने उभ्या राहिल्या, परंतु त्यांच्यावर देखरेख नाय अम्फोची राहिली आणि अंदाजपत्रकाचा मसुदाही त्याच्या मंजुरीसाठी जातो. शिवाय १९१४ च्या कायद्याने आलेली जुनी उतरंडही चालूच आहे: गावचा ‘फू याय बान’ आणि तम्बोनचा ‘कामनान’. फू याय बान गावकरी निवडतात, तरीही तो शासनाचे मानधन घेतो, वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत पदावर राहतो आणि काम नाय अम्फोच्या हाताखाली करतो. आपला पोलीस पाटीलही ६० पर्यंतच राहतो, मात्र तो नेमलेला असतो. परिणामी एकाच तम्बोनात निवडलेली संघटना आणि कामनान असे दोन दरवाजे उघडे राहतात, नि विकेंद्रीकरणाच्या चर्चेत तिढा पडतो तो नेमका येथेच.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मग बँकॉकच्या ‘खेत’लाही तालुकाच म्हणावे काय?

उत्तर २ (साक्री)

म्हणू नये. बँकॉकमधील ५० खेत हे निवडून आलेल्या गव्हर्नरच्या महानगर प्रशासनाचे भाग आहेत, प्रांतिक प्रशासन विभागाचे नव्हेत. आपल्याकडच्या महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाशी त्यांचे साम्य अधिक आहे. प्रबंधात मूळ थाई संज्ञाच वापराव्यात आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी दोन ओळींत अर्थ द्यावा, म्हणजे लाल पेन पुन्हा उघडण्याची वेळ येणार नाही.