मदत हवी आहे: वाचनालयाची जुनी इमारत पाडायला निघालेत, हेरिटेज यादीत कशी घालायची?

ओसरीवरची

मंडळी, आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं, नगरपालिका आहे. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. कार्यकारिणीतले निम्मे लोक ओळखीचे आहेत, एक तर माझा आतेभाऊच.

गावात सार्वजनिक वाचनालयाची जुनी इमारत आहे. घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर भाजक्या विटांचं चुन्यातलं काम, मंगलोरी कौलं, आत सागवानी खांबांवर पोटमाळा. गेल्या महिन्यातल्या वार्षिक सभेत कार्यकारिणीनं नवा आराखडा दाखवला. सगळं पाडायचं, एका बिल्डरकडून बांधून घ्यायचं, खाली बारा गाळे आणि वाचनालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं विचारलं तर म्हणे ती पुढच्या टप्प्यात. आमचे रोज येणारे वाचक सगळे साठीच्या पुढचे आहेत!

स्ट्रक्चरल ऑडिटही करून आणलंय, इमारत सी-१ म्हणजे थेट पाडण्याजोगी. मी स्वतः सगळीकडे फिरून पाहिलं. एका कोपऱ्यात पन्हळ फुटलीय, भिंतीत पिंपळ उगवलाय. दहाएक वर्षांपूर्वी तिथे सिमेंटचा गिलावा केला होता, तो ठोकला की पोकळ वाजतो. पोपडा निघालाय तिथे आतला चुना इतका ओला की अंगठा रुततो. पण बाकीच्या तिन्ही भिंतींत खिळासुद्धा धड जात नाही.

इमारत नक्की १८६५ सालची आहे, कारण पडलेल्या एका कौलावर बासल मिशन या मिशनरी संस्थेचा शिक्का आणि ते साल आहे. एवढी जुनी वास्तू आपोआप संरक्षित नसते का? नसेल तर अर्ज कुणाकडे करायचा? आणि तोवर पाडली तर?

चुनखडी

ताई, कौलावरून साल काढू नका. १८६५ हे बासल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना निघाला ते साल. ते शिक्क्यातच असायचं, मग कौल कधीही भाजलेलं असो. माझ्या आजोळच्या गोठ्यावरही तेच साल आहे आणि गोठा आजोबांनी बांधलेला. अर्जात १८६५ लिहिलंत तर समोरचा पहिल्या सुनावणीलाच ते खोडून काढेल आणि मग तुमचं बाकीचंही कुणी ऐकणार नाही.

तरी कौल जपून ठेवा. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं कौल साधारण त्याआधीचं. (कौलं जुन्या घरावरून उतरवून नव्यावर चढवतात, हेही आहेच.) खरं साल वाचनालयाच्या जुन्या वार्षिक अहवालांत सापडेल, देणगीदारांच्या याद्या तिथेच असतात.

गिलाव्याचं म्हणाल तर दुखणं तिथेच आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासलं की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. पन्हळ आधी बदलून घ्या आणि जुन्या बांधकामाची सवय असलेल्या इंजिनिअरकडून दुसरं ऑडिट करवा. पिंपळ उपटू नका, भिंत सोबत येईल.

जोते_तपासणी

नगररचना कार्यालयातून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जुनी आहे म्हणून आपोआप काहीच संरक्षित होत नाही. १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली पुरातत्त्व संचालनालयाकडून राज्य संरक्षित स्मारक करून घेता येतं. त्यात आधी दोन महिन्यांची अधिसूचना, हरकती, मग अंतिम घोषणा. गावातल्या वाचनालयासाठी तो रस्ता सहसा फार लांबचा पडतो. इंटॅक ही वारसा जपणारी बिनसरकारी संस्था, तिच्या यादीत नाव आलं तर दस्तऐवज म्हणून उपयोग होतो, पण त्या यादीनं पाडकाम थांबत नाही.

तुमचा रस्ता नगरपालिकेतून जातो. मुंबईत १९९५ ला हेरिटेज नियम आले. उरलेल्या बहुतेक राज्याला २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यातही हेरिटेज यादी, समिती, श्रेणी एक ते तीन अशी तरतूद आहे. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत नगररचनाच्या जिल्हा कार्यालयाला. सोबत चारही बाजूंचे फोटो, मोजमापाचा नकाशा, मिळकत पत्रिका. शेवटचा शब्द नगरविकास खात्याचा. गावाची विकास योजना सुधारित होत असेल तर जाहिरातीतल्या मुदतीत लेखी सूचना नोंदवाच.

पण याला वर्षं लागतात आणि जेसीबी एका सकाळी काम उरकतो. म्हणून आधी दुसरीकडे जा. वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर न्यासाची इमारत विकायला किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते, १९५० च्या कायद्याचं कलम ३६. बिल्डर फुकट बांधत नाही, बारापैकी काही गाळे त्याच्या नावावर जाणारच. परवानगी मागितलीय का ते धर्मादाय कार्यालयात पाहा आणि सभासद म्हणून लेखी हरकत द्या, पोच घेऊन. कुणाला हेरिटेज समजावत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

काळाघोडा

यादीत नाव आलं म्हणून निवांत झोपू नका एवढंच सांगतो. मुंबईचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकातलं, ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजानं आणलेला. हेरिटेज यादीत असूनही २०१९ ला ते पाडायची वेळ आली होती. दुरुस्ती कुणी करायची आणि पैसे कुणाचे, हे यादी सांगत नाही. बदल्यात टीडीआर, म्हणजे जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची मुभा, मिळतो म्हणतात, पण तालुक्याच्या गावात तो विकत घेणार कोण?

ओसरीवरची

सगळ्यांचे आभार. १८६५ खोडलं, जरा ओशाळलेही.

आज मिळकत पत्रिका काढली. धारक म्हणून अजून ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ आहे, आणि संस्था नोंदलीय आताच्या नावानं. आतेभाऊ म्हणतो, मग ती आपल्या न्यासाची मिळकतच नाही, कलम ३६ लागू होत नाही. हे खरं का?

जोते_तपासणी

मग आतेभावाला विचारा, न्यासाची नाही तर कार्यकारिणी ती बिल्डरला देते कुठल्या हक्कानं? धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढा. स्थावर मिळकतीच्या रकान्यात हाच सिटी सर्व्हे नंबर असला तर नाव जुनं असण्यानं फार बिघडत नाही. आणि पत्रिकेवरचा सत्ताप्रकार, म्हणजे जागा कुठल्या हक्कानं धारण केलीय ते, बघा. जागा सरकारनं दिलेली निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांनाही विचारावं लागेल.

ओसरीवरची

सत्ताप्रकाराच्या रकान्यावर नेमका शिक्का उमटलाय, वाचता येत नाही. सोमवारी दोन्ही कार्यालयांत जाते, उतारा मिळाला की इथे टाकते.